टिलीने कोंडलेली थंडी

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वेंडेलिनमध्ये धान्याच्या कोठाराशेजारी जे कॉफीचं टेबल आहे, तिथे ती आजवर कितीदा तरी सांगून झाली. दर वेळी कोणी ना कोणी कप खाली ठेवतं आणि म्हणतं, "हट्!" म्हणू दे. त्याच टेबलाच्या टोकाला क्लेमेंटिना वांगलर मोजे विणत बसलेली असते. गोष्ट तिच्याच घरातली आहे, आणि खोटं बोललेलं तिला एक क्षण खपत नाही. फादर लीनसनी प्रवचनात बायबलातल्या योनाला तीनऐवजी चार दिवस माशाच्या पोटात ठेवलं, तेव्हा भर चर्चमध्ये उभी राहून तिने एक दिवस कमी करायला लावला. तेव्हा ऐकणाऱ्याने एवढंच करावं, तिच्या सुयांकडे लक्ष ठेवावं. सुया चालू आहेत तोवर गोष्ट खरी चालली आहे.

तर टिली वांगलर. नाव ओटिलिया, पण त्या नावाने तिला फक्त बाप्तिस्म्याला आणि दवाखान्यात हाक मारली गेली. अंगाने चिमणीएवढी, आवाजाने रानहंसाएवढी. क्लेमेंटिनाची थोरली जाऊ. नवरा इग्नाझ गेला तेव्हा त्याने तिच्यासाठी एक म्हातारं मांजर मागे ठेवलं, आणि आवारात एक अर्धवट गॅरेज. गॅरेजात एक जाड लाकडी टेबल होतं आणि त्या टेबलाला चार बोल्टांनी घट्ट बसवलेलं सॉसेज भरायचं लोखंडी यंत्र.

यंत्राची गोष्ट वेगळी. वांगलरांचे पूर्वज काळ्या समुद्राकाठचं जर्मन वस्तीचं गाव सोडून अमेरिकेत डकोटाला निघाले तेव्हा बोटीवर सामान जास्त झालं. आजोबांनी कपड्यांची पेटी किनाऱ्यावर ठेवली आणि यंत्र घेतलं. आजी वाटभर गोणपाट नेसून आली म्हणतात. तेव्हापासून कुळाचा नियम ठरला आहे, की यंत्र ज्याच्या घरी, सॉसेजचा दिवस त्याच्या घरी. जानेवारीत तीन राजांचा सण झाला की त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सगळे वांगलर एका छपराखाली जमतात, मांस कापतात, दळतात, लसूण घालून मळतात, आतडी भरतात आणि संध्याकाळी आपापला वाटा घेऊन घरी जातात. सॉसेज काय, बाजारातही मिळतं. पण ज्याच्या घरी हा दिवस, त्याच्या घरी वर्षभर माणसं येतात. कोणी विसरलेला सुरा मागायला येतं, कोणी टप परत करायला, कोणी पुढच्या वेळी मिरी किती घालायची यावर भांडायला. ज्याच्या घरून तो दिवस उठला, त्याच्या दारात मग टपालवाला तेवढा उरतो. एकट्या बाईला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि गॅरेज! जमिनीत खांब रोवलेले, त्यांना आडव्या फळ्या आणि बाहेरून पत्रा. छत इग्नाझने नीट केलं होतं, वर थंडी अडवायला गुडघाभर लोकरीचा भुगाही पसरला होता. भिंती राहिल्या. "भिंती सुगीनंतर," तो म्हणायचा. सुगी झाली की, "गाई व्यायल्यावर." गाई व्यायल्या की पुन्हा पेरणी. शेवटी भिंती राहिल्या आणि इग्नाझ गेला.

त्याच्या माघारी झालेला पहिला सॉसेजचा दिवस टिलीने त्याच उघड्या पत्र्यात केला. आत शेगडी पेटलेली, कढया उकळताहेत, तीसेक माणसं श्वास सोडताहेत. ती सगळी वाफ पत्र्याला जाऊन चिकटली आणि तिचं बोटभर जाडीचं बर्फ झालं. दुपारी शेगडी मोठी केली तसं ते बर्फ वितळलं, भिंतीवरून ओघळलं आणि फरशीवर पोहोचून पुन्हा गोठलं. फादर लीनस मांसाचा टप घेऊन निघाले होते. ते थेट दारापर्यंत आडवे घसरत गेले आणि वाटेत तिघांना आशीर्वाद देऊन गेले.

पुढच्या ऑक्टोबरात रोकस पिकअप घेऊन टिलीच्या आवारात आला. रोकस म्हणजे इग्नाझचा धाकटा भाऊ, क्लेमेंटिनाचा नवरा. याने आयुष्यात कोणाला चांगलं म्हटलेलं नाही. पाऊस पडला तर म्हणतो उशिरा पडला, आणि वेळेवर पडला तर म्हणतो शेजाऱ्यावर जास्त पडला.

"टिली, यंत्र न्यायला आलोय," तो म्हणाला. हातात पाना होता.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? यंदा माझ्या शॉपमध्ये करू, ट्रॅक्टर दुरुस्त करतो तिथे. गरम आहे. भिंती आहेत त्याला."

"भिंती माझ्याही गॅरेजला आहेत."

"त्याला भिंती म्हणत नाहीत, टिली. तो डबा आहे. त्या डब्यात फादर आडवे झाले."

"फादरना काही झालं नाही."

"मांसाला झालं ना! अर्धा टप कुत्र्यांनी खाल्ला."

टिली यंत्राला टेकून उभी राहिली. तिला दिसत होतं, की बोल्ट एकदा निघाले की पुन्हा बसणार नाहीत. "आणि मी भिंती केल्या तर?"

"तू?" रोकस हसला. त्याच्या त्या हसण्याने तळ्यावरचे रानहंस घाबरून उठले आणि त्या वर्षी आठवडाभर आधीच दक्षिणेला गेले, हे तळ्याकाठच्या कोणालाही विचारा. "अगं, तुझा हात शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पुरत नाही."

"मग चौथीवर चढेन. ऐक रोकस. तीन राजांनंतरच्या शनिवारी ये, सगळ्यांबरोबर. आत कोणाचा पाय घसरला, भिंतीला घाम फुटला किंवा एक टपभर मांस जरी फुकट गेलं, तर हे यंत्र मी माझ्या हातांनी तुझ्या गाडीत चढवीन."

"माझी गाडी खरडू नकोस म्हणजे झालं," रोकस म्हणाला आणि पाना खिशात घालून गेला.

दुसऱ्याच दिवशी टिलीने लाकडाच्या वखारीतून माल मागवला. उभ्या पट्ट्या, प्लायवूडचे तावच्या ताव, प्लॅस्टिकचा भला मोठा गुंडाळा आणि काचेच्या लोकरीचे गुलाबी गठ्ठे. माल आवारात उतरला आणि वारा सुटला. आमचा वारा कसा असतो ते बाहेरच्यांना सांगून उपयोग नाही. टिलीने प्लायवूडचा पहिला ताव डोक्यावर धरला मात्र, वाऱ्याने ताव उचलला आणि तावासकट टिली. रस्ता ओलांडला, तळं ओलांडलं आणि ती उतरली ती नेमकी रोकसच्या आवारात. रोकस तेव्हा जेवत होता. टिलीने इकडेतिकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेली त्याची उंच शिडी दिसली. ती तिने काखेत मारली, वारा फिरायची वाट पाहिली आणि त्याच तावावरून परत आली. शिडीचा प्रश्न मिटला.

(क्लेमेंटिनाच्या सुया चालू आहेत. रोकसची शिडी त्या ऑक्टोबरात नाहीशी झाली होती एवढं तिला पक्कं माहीत आहे.)

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी टिलीला कळलं, की नवऱ्याला आपण पुरतं ओळखलंच नव्हतं. असल्या गॅरेजचे खांब एकमेकांपासून आठ आठ फुटांवर असतात. म्हणजे ताव आणला की आपोआप खांबावर येऊन बसतो. इग्नाझने खांब रोवले होते नजरेच्या अंदाजाने आणि बहुधा बिअरच्याही. एक अंतर आठ फुटांना वीतभर कमी, दुसरं वीतभर जास्त, आणि ईशान्येच्या कोपऱ्यातला एक खांब तर चर्चमध्ये झोप लागलेल्या माणसासारखा शेजाऱ्याच्या खांद्यावर कललेला.

"इग्नाझ, हा काय शिंकताना रोवलास?" टिली मोठ्याने म्हणाली. नंतर ती त्याच्याशी रोजच बोलू लागली. प्रत्येक ताव मापून वेगळा कापावा लागे आणि प्रत्येक कापाला इग्नाझ वेगळी शिवी खाई. मांजर लाकडाच्या भुशात बसून ऐके. कधी कधी टिली थांबे आणि खांबावर हात ठेवून जरा वेळ उभी राही. मग म्हणे, "चल, पुढचा," आणि करवत उचले.

खांबांच्या मध्ये उभ्या पट्ट्यांची चौकट बसली. खाली जमिनीलगत तिने पोलादी जाळी ठोकली, कारण उंदरांना गुलाबी लोकर म्हणजे लग्नाचा हॉल. जाळी ठोकल्याच्या दुसऱ्या दिवशी तालुक्यातले उंदीर पाहणीला आले. जाळीभोवती एक फेरी मारली, पुढच्या दोघांनी दात लावून पाहिले, आपसात काहीतरी बोलले, आणि पोराबाळांना पाठीवर घेऊन सगळी रांग रस्ता ओलांडून रोकसच्या शॉपकडे निघाली. शेवटच्या उंदराने मागे वळून टिलीकडे असं पाहिलं, की तिला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

मग लोकर. एक गठ्ठा सोडला आणि तिचा एक तुकडा चुकून मांजरावर पडला. मांजराला इतकी ऊब लागली, की ते जे झोपलं ते ईस्टरला उठलं आणि ऑक्टोबरातलं जेवण मागू लागलं.

इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती प्लॅस्टिकची. नोव्हेंबरात रोकस शिडी शोधत आला. (शिडी माळ्यावर होती. तो वर पाहत नाही, फक्त खाली पाहून चुका काढतो.) टिली प्लॅस्टिकचा गुंडाळा उलगडत होती.

"हे कुठे लावणार?"

"तू कुठे लावलंस?"

"पत्र्याला लागून. बाहेरच्या बाजूला. आधी प्लॅस्टिक, मग लोकर, मग फळ्या. पाणी येतं ते बाहेरून, टिली. पाऊस बाहेर असतो, आत नसतो. एवढंही सांगायला लागतं?"

बोलणं पटण्यासारखं होतं. शिवाय रोकसने हे लबाडीने सांगितलं नव्हतं. तो स्वतः तसंच करून बसला होता. टिलीने उत्तरेची अख्खी भिंत तशी केली. प्लॅस्टिक, लोकर, वर प्लायवूड. दिसायला लोणी फासल्यासारखी झाली.

डिसेंबर लागला आणि थंडी पडली. पडली म्हणजे अशी, की दुपारी माणसाची सावली जमिनीला चिकटून बसायची आणि घरी जाताना ती फावड्याने उपटून न्यावी लागायची. क्लेमेंटिना सूपाचं भांडं घेऊन आली. पिठाच्या गोळ्यांचं, बटाट्याचं घट्ट पांढरं सूप. टिलीने शेगडी पेटवली, कढईभर पाणी उकळत ठेवलं, कारण तिला भिंत पारखायची होती. दोघी जावा खोक्यांवर बसून जेवल्या.

"टिली," क्लेमेंटिना म्हणाली, "रोकसला सांगू नकोस. आमच्या शॉपमध्ये वास येतो."

"कसला?"

"तळ्याचा."

"कुठून?"

"भिंतीतून. आणि वसंतात त्या भिंतीत बेडूक ओरडत होते. मी त्याला म्हटलं, तर म्हणतो, तुझे कान म्हातारे झाले."

टिलीने चमचा खाली ठेवला. उठली, उत्तरेच्या भिंतीचा एक ताव चारही बाजूंनी सोडवला आणि आत हात घातला. लोकर ओली चिंब होती. लोकरीमागचं प्लॅस्टिक पांढरंफटक पडलेलं, बर्फाच्या काट्यांनी भरलेलं. तिने एक काटा मोडून तोंडात घातला.

"पाणी बाहेरून येत नाही, क्लेमी," ती म्हणाली. "हे आपलंच आहे. आपला श्वास, आपल्या सूपाची वाफ. आपण आतून भिंतीला पाजतोय, आणि पत्र्याजवळ जाऊन ते अडतंय. प्लॅस्टिक आपल्या बाजूला हवं. आपल्या आणि लोकरीच्या मध्ये."

"मग आता?"

"आता काय? उतरवायची."

"सगळी? तीन राजांचा सण आला की गं तोंडावर."

"मग बसू नकोस. ती पहार दे."

टिली रडली नाही. तिने शिव्या दिल्या, त्याही जर्मनमध्ये, कारण फादर लीनस पोलिश आहेत आणि देवही बहुधा तिच्या आजीची ती जुनी बोली विसरला असेल. दोघींनी मिळून उत्तरेची भिंत उतरवली. ओली लोकर तळघरात दोऱ्यांवर वाळत घातली. घर गुलाबी ढगाने भरून गेलं आणि टिलीला जिन्यावरून खाली जाताना हाताने ढग बाजूला सारावा लागे. मग सगळं पुन्हा बसवलं. आधी लोकर, पत्र्याकडे मोकळी. मग आतून प्लॅस्टिक, प्रत्येक जोड दुहेरी, प्रत्येक कड चिकटपट्टीने बंद. विजेच्या बटणांच्या मागेसुद्धा तिने प्लॅस्टिकची पिशवी करून चिकटवली. मग प्लायवूड. उरलेल्या तिन्ही भिंती तशाच केल्या. बोटांना भेगा पडल्या, तिने त्यांना गाईच्या सडांना लावायचं मलम लावलं आणि वर चिकटपट्टी गुंडाळली.

शेवटी ईशान्येचा तो कललेला खांब राहिला. ताव काही केल्या बसेना. त्याला सरळ करायचा तर पत्रा उचकटावा लागणार होता. टिलीने त्याच्या दोन्ही बाजूंनी लोकर आणि प्लॅस्टिक कोंबून जोड बंद केला, आणि खांबाचा पुढचा भाग तसाच भिंतीबाहेर राहू दिला. त्याला एक खिळा ठोकला आणि इग्नाझचा सॉसेजच्या दिवसाचा एप्रन अडकवला. "तुला उभं राहता येत नसेल तर निदान हे धर," ती म्हणाली.

शनिवार उजाडला. सगळे वांगलर आले. बाहेर अशी थंडी, की गाड्यांच्या धुराची नळकांडी होऊन आवारात पडत होती आणि पोरं ती लाथाडत होती. आत आल्यावर मात्र लोकांनी कोट काढले. मग स्वेटर काढले. भिंती कोरड्या, फरशी कोरडी. फादर लीनसनी दारावर खडूने तीन राजांच्या नावांची आद्याक्षरं लिहिली, आणि मग बुटाने फरशी दोनदा घासून पाहिली. "सरळ उभं राहता येतं," त्यांनी जाहीर केलं. सगळे हसले. रोकस भिंतीला हात लावत लावत फिरत होता. घाम सापडेना. त्याने एका कोपऱ्यात नखाने खरवडून पाहिलं.

"काय शोधतोयस?" टिलीने विचारलं.

"काही नाही. स्क्रू वाकडा आहे."

मांस टेबलावर आलं, सुऱ्या चालू झाल्या, रेडआय दारूची बाटली फिरली. टिलीला वाटलं, जमलं. नेमक्या त्याच वेळी आपोलोनिया आत्याने टपात हात घातला. आपोलोनिया आत्या म्हणजे कुळातली सर्वांत म्हातारी. डोळ्यांना दिसत नाही, पण मांसाचं तिला बोटांनी कळतं. तिने चरबीचा तुकडा दोन बोटांत दाबला आणि पुन्हा दाबला. सगळ्यांच्या सुऱ्या थांबल्या.

"मऊ पडतेय," ती म्हणाली. "चरबी मऊ पडतेय. अशीच भरली तर सॉसेज भुसभुशीत होईल."

ही चूक आमच्या लोकांशिवाय कोणाच्या हातून व्हायची नाही. बाईने थंडीशी लढायचं ठरवलं, तीन महिने लढली, जिंकली, आणि मग आठवलं, की सॉसेजला थंडीच लागते. गोठणारी नाही, पण बोटं लाल करणारी. इग्नाझच्या पत्र्याच्या डब्यात ती फुकट मिळायची. आता आत शेगडी, कढया आणि तीस माणसांची ऊब होती, आणि टिलीच्या भिंती त्यातली एक फुंकरही बाहेर जाऊ देत नव्हत्या.

रोकसने खिशातून पाना काढला. तो यंत्राजवळ गेला, पहिल्या बोल्टाला पाना लावला. "मी म्हटलं होतं," तो म्हणाला. "गरम करायचं ते किती, हेही कळायला लागतं. चला, टप उचला. माझ्या शॉपमध्ये."

"तिथे बेडूक आहेत," क्लेमेंटिना हळूच म्हणाली. पण तिचं कोणी ऐकलं नाही. दोघातिघांनी टपाच्या कड्या धरल्या होत्या.

टिली त्या भिंतीकडे पाहत होती. हाताला अजून मलमाचा वास होता. एकेक जोड तिने स्वतः दाबून बंद केला होता, इतका, की आतलं आतच राहावं. आतलं आतच राहावं. मग तिच्या मनात आलं, की भिंतीला काय कळतंय आत काय आहे ते?

"पाना खाली ठेव!" ती ओरडली. कढईतलं पाणी हललं. "शेगडी बंद करा. कढया बाहेर, आवारात जाळावर. आणि सगळ्यांनी कोट घाला. टोप्या घाला. आत्याला ब्लँकेट द्या."

"काय चाललंय?" रोकस म्हणाला.

टिली मोठ्या दाराकडे गेली, साखळी धरली आणि दार थेट छतापर्यंत उघडलं.

थंडी आत आली. दारात जराशी थबकली, अशा घरात आपल्याला कोणी बोलावत नाही याची तिला सवय होती. मग घुसली ती मेंढरांच्या कळपासारखी, एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारत. फादरची हाक तोंडातून निघाली ती दाढीतच अडकली. पोरांच्या नाकाचे शेंडे एकामागोमाग लाल होत गेले, जणू कोणी दिवे लावत चाललंय. आणि गॅरेज काठोकाठ भरलं तसं टिलीने साखळी सोडली. दार धाडकन खाली आलं. थंडी आत कोंडली गेली.

"आता?" कोणीतरी विचारलं.

"आता कापा," टिली म्हणाली. "ही कुठे जात नाही. जायला जागाच ठेवलेली नाही मी."

आपोलोनिया आत्याने पुन्हा टपात हात घातला. सगळ्यांचे डोळे तिच्या दोन बोटांवर. "कडक," ती म्हणाली. "आता कशी बटणासारखी झाली."

रोकस पाना धरून उभा राहिला. तो वाट पाहत होता. तीस माणसं आहेत, होईल पुन्हा गरम, चरबी पुन्हा मऊ पडेल. लोक कापत होते, दळत होते, गाणी म्हणत होते, गरम पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवून पुन्हा मांसाला हात घालत होते. टिली स्वतः यंत्राच्या दांड्याला लागली होती. दुपार झाली, थंडी जशीच्या तशी. भिंतींनी आधी ऊब धरली होती, आता थंडी धरली, दोन्ही तितक्याच इमानाने. शेवटचा टप संपायला आला तेव्हा रोकसच्या मिशीला बर्फ लागलं होतं आणि पाना त्याच्या हातमोज्याला चिकटला होता. टिली त्याच्यासमोर आली, भांड्यातलं कोमट पाणी ओतून पाना सोडवला, पुसला, आणि यंत्राचा तो एक ढिला झालेला बोल्ट स्वतः घट्ट केला. यंत्र तिथेच राहिलं. आजही तिथेच आहे.

आणि थंडी? तीही राहिली. टिलीने दार पुन्हा नीट लावलं होतं ना! मार्च गेला, एप्रिल गेला, बाहेर लायलॅकची झुडपं फुलली, गॅरेजात अजून जानेवारी होता. टिली आत जाताना दारामागच्या खिळ्यावरून कोट घेऊन घाले. जूनमध्ये शेजारणी आपलं लोणी तिथे ठेवायला आणू लागल्या. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, सगळं गाव आइस्क्रीम घेऊन तिथे जमलं, आणि बाहेर फटाके उडत असताना आत आपोलोनिया आत्या हातमोजे घालून कूखन, म्हणजे आमचा केक, कापत होती. शेवटी ऑगस्टमध्ये टिलीला मोटार ठेवायला जागा हवी होती म्हणून तिने दार उघडलं. थंडी बाहेर आली, उन्हात जरा भांबावली आणि उत्तरेच्या रस्त्याने कॅनडाकडे चालती झाली. वाटेतल्या तिघांच्या काकड्यांवर बर्फाळ दंव पडलं.

आता हे ऐकून टेबलावर काही जण हसतात, काही कप खाली ठेवतात. पण टोकाला सुया चालूच असतात. टकटक, टकटक. म्हणजे इथवर ठीकच आहे.

राहिलं ते एवढंच, की त्या शनिवारी संध्याकाळी, शेवटचं सॉसेज भरून झालं, आणि पहिलं तव्यावर तळून सगळ्यांना वाटलं गेलं, तेव्हा रोकस मधोमध उभा राहिला. त्याने टोपी काढली. एक घास खाल्ला, सावकाश चावला, भिंतींकडे पाहिलं, टिलीकडे पाहिलं, आणि सगळ्या कुळासमोर तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "टिली, तुझ्या भिंती माझ्याहून चांगल्या झाल्या. चूक माझीच होती गं—"

टेबलाच्या टोकाला सुया थांबल्या.

"खोटं!" क्लेमेंटिना म्हणाली, आणि मोजा तिने टेबलावर आपटला. "धडधडीत खोटं! प्लायवूडवर बसून उडाली म्हणालास, मी गप्प बसले. बेडूक तर मीच ऐकलेत. थंडी चालत कॅनडाला गेली, जाऊ दे, माझं काय जातं! पण रोकस म्हणाला, 'चूक माझी'? त्याच्याशी संसार तू केलायस का मी? त्या दिवशी घर येईपर्यंत तो गाडीत एकच वाक्य बोलला: 'लसूण जास्त झाला.'"